नवमीचं ताट

“तो टाक काढून जरा माझ्या हातात देता का?” मोहिते मॅडमनी विचारलं.

माझा हात आपोआप गळ्याशी गेला. मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात चांदीचा नखाएवढा पत्रा होता आणि त्यावर साडी नेसलेल्या बाईची उठावदार आकृती. ती बाई म्हणजे माझी थोरली बहीण, शैलाताई. दुसरेपणावर दिलेल्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची आमच्याकडे रीत आहे. तो घातला की गेलेली शांत राहते, नवीला त्रास देत नाही, असं म्हणतात. ताई तापाचं निमित्त होऊन गेली तेव्हा तिची ऋजुता नुकती चालायला लागली होती. मुलीला सावत्र आई नको, मावशीच बरी, असं दोन्ही घरच्या मोठ्यांनी ठरवलं आणि वर्षाच्या आत मला ताईच्याच नवऱ्याला देऊन मोकळे झाले. ज्यांना मी भाऊजी म्हणून चिडवायचे, ते माझे ‘अहो’ झाले.

“काढायचा नसतो,” मी म्हणाले.

“काढला तर काय होईल?”

उत्तर मला चांगलं ठाऊक होतं. ताई चिडेल. आज गळा नुसता आवळतेय, उद्या पुरता बंद करेल.

मला घास गिळता येत नव्हता. उन्हाळ्यात एकदा पोळीचा तुकडा अडकला, डोळे पांढरे झाले, सगळ्यांनी पाठीवर थापट्या मारल्या, आणि तेव्हापासून ताट समोर आलं की गळ्याला कुणीतरी मूठ घालायचं. आधी पोळी सुटली, मग भात, मग मऊ खिचडीसुद्धा. पेज, ताक आणि पातळ वरण यांवर मी जगत होते आणि ब्लाउज खांद्यावरून घसरत होते. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं आणि सांगितलं, गळा स्वच्छ आहे, यांना मोहित्यांकडे न्या. वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, हेही सांगितलं. मी मरणार हे मला पक्कं कळून चुकलं होतं. प्रश्न एवढाच होता की उपाशी मरणार की घास अडकून.

एस्तेर मोहित्यांचा दवाखाना मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत होता. बाहेरच्या पाटीवर ‘मानसोपचार’ असं ठळक अक्षरात लिहिलं होतं, त्यामुळे आमचे हे मला दारापर्यंत सोडून समोरच्या चहाच्या टपरीवर पेपरात तोंड खुपसून बसायचे. सासूबाईंना आम्ही ‘घशाच्या नव्या बाई’ असं सांगितलं होतं. मॅडम साठीच्या, आडव्या बांध्याच्या, आवाज खर्जातला. गोड बोलणं त्यांना जमत नसे, आणि मला त्यांचं तेच बरं वाटायचं.

“मी इथेच आहे,” त्या म्हणाल्या. “काही झालं तर दोघी मिळून बघू. द्या.”

मी दोरा डोक्यावरून काढला. तो केसांत अडकला, सोडवावा लागला. टाक त्यांच्या तळहातावर ठेवला आणि डोळे मिटून वाट बघत बसले. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. काहीच झालं नाही.

“आता हे घ्या,” म्हणून त्यांनी केळ्याचा छोटासा तुकडा पुढे केला.

मी तो तोंडात टाकला, चावला आणि गिळायला गेले. मूठ होती तिथेच होती. तुकडा मी रुमालात काढला, आणि खरी घाबरले ती त्या क्षणी. इतके दिवस निदान नाव घ्यायला ताई होती. टाक तर आता मॅडमच्या हातात होता. मग माझा गळा धरून कोण बसलं होतं?

मॅडमनी टाक मला परत दिला आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“एक विचारते. तुम्ही इथे यायला लागल्यापासून मी ऐकतेय. अनुराधाला साखरभात आवडतो. अनुराधाला मोठ्यानं बोललेलं खपत नाही. अनुराधा फिक्या रंगाच्या साड्या नेसते. ही अनुराधा कोण?”

“मीच की.”

“आणि तुमच्या बहिणीचं सासरचं नाव काय होतं?”

मी पेला खाली ठेवला. “अनुराधा.”

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत, पुढे सांगा अशी मान हलवली. मग मला सांगावं लागलं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा भटजींनी विचारलं, काय लिहू? सासूबाई म्हणाल्या, अनुराधाच असू दे, पोरीच्या आईचं नाव बदलायला नको. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्यांचे डोळे भरून आले होते, माझेही आले. ह्यांनी अंगठीनं ते नाव गिरवलं तेव्हा त्यांचा हात जराही अडखळला नाही, सवयीचा होता.

“लग्नाआधीचं नाव?”

“हेमांगी. हेमा.”

“हेमाला काय आवडायचं? खायला?”

साधा प्रश्न होता. लहान पोराला विचारला तरी दहा पदार्थ सांगेल. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं झालं. मी आठवायचा प्रयत्न करत राहिले आणि साखरभाताखेरीज काही येईना.

“आठवत नाही,” मी म्हणाले. “मॅडम, मला वेड लागतंय का?”

“नाही. वेड लागलेली माणसं मला कधी हे विचारत नाहीत. दिवसभर काय करायची ही हेमा?”

“खो-खो खेळायची. जिल्ह्याकडून. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात होते, पहिलं वर्ष झालं होतं.” मग उगाच म्हणाले, “फार भांडायचे मी मैदानावर. पंच वैतागायचे.”

हे बोलताना आवाज चढला आणि मी दचकून दाराकडे बघितलं. मॅडमच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी निघताना मला एकच काम सांगितलं. जेवायला बसण्याआधी स्वतःला मोठ्यानं विचारायचं, मला आत्ता काय हवंय. उत्तर आलं नाही तरी विचारायचं. आणि भीती आली तर तिला हुसकायचं नाही, बसू द्यायचं शेजारी, फक्त आपण उठून पळायचं नाही.

दाराबाहेर पडताना मी टाक पुन्हा गळ्यात अडकवला, पदराखाली सरकवला. हे टपरीवरून लगबगीनं आले.

“काय म्हणाल्या?”

“मला खायला काय आवडतं, ते विचारलं.”

“साखरभात की,” हे लगेच म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

“हो,” मी म्हणाले. आणि त्यांच्या मागे बसले.

अविधवा नवमी त्याच आठवड्यात होती. नवऱ्याच्या आधी जी बाई सवाष्ण म्हणून गेली तिचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात. एका सवाष्णीला बोलावतात, गेलेलीच जेवायला आली असं मानून तिला पानावर बसवतात, आणि गेलेलीच्या आवडीचं वाढतात. आमच्याकडे दरवर्षी समोरच्या लिमयेकाकू यायच्या. दरवर्षी सासूबाई हात जोडून म्हणायच्या, “अनुराधा, पोटभर जेव, आणि घरादारावर लक्ष ठेव.” आणि मी, अनुराधा, हातात खिरीचं भांडं घेऊन त्यांच्या मागे उभी असायचे. पहिल्या वर्षी अंगावर सर्रकन काटा आला होता. पुढे मी तसं वाटून घेणंच बंद केलं.

यंदा सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. हिरवी पट्टी बांधून त्या बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीवर होत्या, म्हणजे स्वयंपाक मला एकटीला करायचा होता. सकाळी मी भाजीला गेले ते गळ्याशी हात धरूनच. आवंढासुद्धा अडतोय असं वाटत होतं. भोपळा, गवार, अळू, जे दिसेल ते पिशवीत टाकत गेले. कोपऱ्यातली बाई म्हणाली, “घ्या की वैनी, कृष्णाकाठची हाय. काटं बगा देठाला.” मी काय घेतलं, किती घेतलं, मला सांगता आलं नसतं.

घरी येऊन ओट्याशी उभी राहिले. मॅडमनी सांगितलं होतं म्हणून मोठ्यानं म्हणाले, “मला आत्ता काय हवंय?” स्वयंपाकघरात माझाच आवाज मला परका वाटला. उत्तर काही आलं नाही. आली ती भीती, आणि अशी आली की कान गच्च झाले. नाकातली नळी दिसायला लागली, इस्पितळातला पलंग दिसायला लागला, ऋजुता पलंगाशी उभी. दुसऱ्यांदा आई जाणार पोरीची, असं मनात येत होतं. पळून जावंसं वाटलं, पण पळणार कुठे. मग मी हात कामाला लावले. माझं सगळं चित्त गळ्यात होतं आणि हात आपले चिरत, भाजत, कुटत, परतत होते. नैवेद्याचा स्वयंपाक, चव घेऊन बघायचा प्रश्न नव्हता. घेता तरी कुठे आली असती.

“फोडणी खमंग बसलीय हं,” सासूबाई बाहेरून म्हणाल्या.

“हो आई,” मी म्हणाले.

दुपारी लिमयेकाकू जरीकाठी लुगडं नेसून आल्या. मी पाट मांडला, रांगोळी काढली, त्याच तंद्रीत पान वाढून वर दुसरं ताट झाकून ठेवलं. सासूबाईंना हात धरून ह्यांनी शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ऋजुताची शाळा सकाळची, तीही पायरीवर येऊन बसली. सासूबाईंनी हात जोडले आणि दरवर्षीचं वाक्य म्हटलं. काकूंनी झाकण उचललं.

काकू बघतच राहिल्या.

“अगं, हे काय?” त्या म्हणाल्या. “भरलं वांगं?”

“कसलं वांगं?” सासूबाईंनी मान वळवली. “चातुर्मासात वांगं कुठलं आणलंत?”

मी पुढे होऊन बघितलं. पानात खीर होती, वडे होते, गवार होती, ते ठीकच. पण मधोमध देठासकट चार काटेरी वांगी, शेंगदाण्याच्या कुटाचा लालभडक रस्सा, शेजारी ज्वारीची भाकरी आणि चिमूटभर हिरवा ठेचा. आषाढापासून चार महिने आमच्या घरात वांगं उंबरठ्याच्या आत येत नाही. आणि साखरभात कुठेच नव्हता. तो मी केलाच नव्हता.

“अनु, अगं, असं कसं झालं?” हे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“थोरली वांग्याला शिवायची नाही,” सासूबाई म्हणाल्या. “खाल्लं की अंगावर चट्टे उठायचे तिच्या. तिच्या श्राद्धाला वांगं? हे कुणाचं ताट वाढलंस तू?”

त्या रागानं नव्हे, भीतीनं विचारत होत्या. आणि मला त्याच क्षणी उत्तर कळलं. माहेरी सामना जिंकून आले की वडील, आमचे अण्णा, मुद्दाम काटेरी वांगी आणायचे. आई म्हणायची, घोडीसारखी उंडारून आलीय, तिला कशाला लाड. मी चुलीपाशीच भाकरी मोडून बसायचे आणि ठेच्यानं नाक गळेपर्यंत खायचे. मोहिते मॅडमसमोर जे आठवता आठवेना, ते सगळं पानात वाढलेलं होतं.

ते ताट माझं होतं. माझ्या आवडीचं सगळं नीट रांधून मी ते गेलेल्या बाईच्या पानावर वाढलं होतं, माझं नाव घेऊन सासूबाईंनी त्याला हात जोडले होते. मी माझंच श्राद्ध घातलं होतं. गळ्यातली मूठ अशी आवळली की श्वाससुद्धा येईना, आणि मला वाटलं, हे आताच संपतंय, इथेच, पोरीदेखत.

“तू बस बाजूला,” हे म्हणत होते. “ते पान उचलून गाईला घालू. मी कोपऱ्यावरून काहीतरी गोड घेऊन येतो.”

“थांबा,” मी म्हणाले.

पळायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. भिंतीला धरून मी खाली बसले, काकूंच्या पाटाशेजारी फरशीवर. आणि मग मी ते विचारलं, सगळ्यांदेखत, मोठ्यानं. “मला आत्ता काय हवंय?”

ह्यांना वाटलं असेल, झालं, आता ही हातची गेली.

“मला ते ताट हवंय,” मी म्हणाले.

“अगं, ते तिच्या नावानं वाढलेलं,” सासूबाई म्हणाल्या. “घरातल्यांनी खायचं नसतं.”

“नाव माझंही तेच आहे, आई. तुम्हीच ठेवलंत.”

मला ते लागेल असं बोलायचं नव्हतं. पण बोलले, आणि माझ्या जुन्या आवाजात बोलले, मैदानावरच्या. सासूबाईंचा हात पट्टीकडे गेला. त्या रडत होत्या की पट्टी सारखी करत होत्या, कळलं नाही.

लिमयेकाकू पाटावरून उठल्या. गुडघ्यांवर हात देऊन उठायला त्यांना वेळ लागला. “बस इथे,” त्या मला म्हणाल्या. मग सासूबाईंकडे वळल्या. “वहिनी, थोरलीचं राहिलं तर सर्वपित्री अमावास्येला करता येतं. साखरभात करा, मी येते. आज हिला जेवू दे. महिनोन् महिने ही पोर उपाशी आहे, दिसतंय की सगळ्या गल्लीला.”

मी पाटावर बसले. भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि हातातच धरून राहिले. भीती गेली नव्हती. कुणी सांगत असेल की एका क्षणात भीती जाते, तर त्याला ती कधी झाली नसणार. ती माझ्या शेजारी ऐसपैस बसली होती आणि मी घास तोंडापर्यंत नेऊ शकत नव्हते.

“आई,” ऋजुता पायरीवरून म्हणाली. “मोठ्या आईला वांगं का नाही आवडायचं?”

मी तिच्याकडे बघितलं. दहा वर्षांची झाली होती पोर आणि आपल्या आईबद्दल तिनं मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. आधी विचारणार कशी? आईची जागा रिकामी दिसूच नये म्हणून मी तिथे बसून राहिले होते, आईचंच नाव लावून, आईसारख्या साड्या नेसून. तिला वाटत असणार, विचारण्यासारखं काही नाहीच.

“चट्टेबिट्टे काही नाही गं,” मी म्हणाले. “थाप होती ती.”

“थाप?” सासूबाई म्हणाल्या.

“हो आई. ताईला वांग्याच्या बिया दातात अडकतात म्हणून आवडायचं नाही. अण्णा ताटात टाकू द्यायचे नाहीत. मग ती हळूच तिचं वांगं माझ्या ताटात सरकवायची आणि मी अण्णांच्या नकळत फस्त करायचे. सासरी मी कुठे असणार? म्हणून तिनं चट्ट्यांची युक्ती काढली. मला पत्रात कळवलं होतं, की इथे सगळ्यांना खरं वाटलंय.”

हे हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत तसं हसताना ऐकलं नव्हतं. “अगदी शपथेवर सांगायची मला,” ते म्हणाले.

“ती शपथा घ्यायचीच. ऋजू, तुझी आई एक नंबरची थापाडी होती. सगळे म्हणतात ना, शांत, गरीब, हळू बोलायची. ती फोटोतली. खरी ताई माझ्या वेणीला खुर्चीशी गाठ मारून ठेवायची आणि स्वतः देवापुढे पोथी घेऊन बसायची. मार कुणाला, मला. एकदा अण्णांची छत्री तिनं विहिरीत पाडली...”

ऋजुता पायरीवरून उठून माझ्या पाटाला चिकटून बसली. “मग?”

पुढे पुष्कळ झालं. मोहिते मॅडमकडे मी त्यानंतरही बरीच वर्षं जात होते, आणि नंतर समोरच्या टपरीऐवजी हे आत बाकावर येऊन बसायला लागले. अर्धं राहिलेलं कॉलेज मी ऋजुताच्या दहावीच्या वर्षी पूर्ण केलं. आता मुलींना खो-खो शिकवते, गळा फाडून ओरडते, आणि सासूबाई होत्या तोवर मला हेमा म्हणायला जाऊन निम्म्या वेळा अनु म्हणायच्या, निम्म्या वेळा दोन्ही. तेही चालायचं. भीती अजून मधूनमधून येते. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी मी नुसती बोलत होते. ज्या बाईला मी इतकी वर्षं भ्यायले होते ती ही नव्हेच, हे मला बोलता बोलता कळत होतं, आणि ताई गेल्यावर जे रडायचं राहून गेलं होतं ते मध्येच येत होतं, मध्येच हसू येत होतं. छत्री विहिरीतून कशी काढली ते मी ऋजूला हातवारे करून सांगत होते, तेवढ्यात सासूबाई चाचपडत खुर्चीवरून पुढे वाकल्या आणि हातानं माझं पान शोधलं.

“काय बघताय, आई?” मी विचारलं.

“वांगी संपली वाटतं,” त्या म्हणाल्या. “काकू, हिला आणखी एक भाकरी वाढा.”